भिंगांचे प्रयोग दिवाळीनंतर घ्या, आणि मुलांच्या हातून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यासाठी लिहिलेल्या प्रयोगवह्या चाळाव्यात. बहिर्गोल भिंगाच्या प्रयोगात वस्तूचे अंतर ३० सेंमी, प्रतिमेचे अंतर ३० सेंमी आणि नाभीय अंतर (भिंग दूरच्या वस्तूचे किरण जिथे एकत्र आणते तिथपर्यंतचे अंतर) १५.० सेंमी. खालच्या ओळीत २० आणि ६०, उत्तर पुन्हा १५.०. पुढच्या वहीत हेच आकडे, त्याच्या पुढच्या वहीतही हेच. हाताने घेतलेली निरीक्षणे इतकी गुळगुळीत कधीच येत नाहीत. एकाच भिंगावर एकाच मुलीने चार वेळा माप घेतले तरी १४.७, १५.२, १४.९, १५.१ असे काहीतरी येते, आणि यायलाच हवे. सगळीकडे १५.० दिसले, की भिंग कपाटातून बाहेरच आले नाही हे ओळखावे.

कोकणातल्या शाळांबाबत याचे एक कारण सरळ आहे. दहावीच्या पुस्तकात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा सहावा पाठ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा सातवा. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. क्रमाने शिकवत गेले, की हे पाठ नेमके भर पावसात येतात. बाहेर समोरचा डोंगर दिसत नाही, सूर्य दिसत नाही, वर्गात दमट कोंदटपणा, टाचण्या गंजलेल्या आणि कपाटातल्या भिंगांवर बुरशी धरलेली. मग फळ्यावर आकृती काढून विषय पुढे सरकतो आणि प्रयोग राहतो तो राहतोच. आमची विनंती साधी आहे. पाठ हवा तेव्हा शिकवा, पण प्रकाशाची प्रात्यक्षिके पहिल्या सत्रात न अडकवता दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात घ्या. तेव्हा आकाश स्वच्छ असते, हवा कोरडी होऊ लागते आणि मुलांना सूत्र आधीच ठाऊक झालेले असते.

पहिला प्रयोग दूरच्या वस्तूचा. भिंग हातात धरायचे, मागे पांढरा कागद, आणि दूरची वस्तू कागदावर उलटी व ठसठशीत दिसेपर्यंत कागद मागे-पुढे करायचा. भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. दोन मिनिटांचे काम. चूक होते ती ‘दूर’ या शब्दाच्या अर्थात. वर्गाच्या दुसऱ्या टोकाची खिडकी पुरेशी दूर नाही. भिंगाचे खरे नाभीय अंतर २० सेंमी असेल आणि खिडकी २ मीटरवर असेल, तर प्रतिमा २२.२ सेंमीवर पडते. तब्बल सव्वादोन सेंटिमीटरची चूक, आणि मुलाला वाटते आपले भिंग खराब आहे. खिडकी ५ मीटरवर असली तरी प्रतिमा २०.८ वर येते. शंभर मीटरवरच्या माडाच्या शेंड्यावर भिंग रोखले, तर चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. अंगणापलीकडचा माड, खाडीपलीकडचे घर, समोरच्या डोंगरावरचा टॉवर, यांतले काहीतरी आपल्या प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यातून दिसते. स्वतः सावलीत उभे राहावे, वस्तू उन्हात असावी, म्हणजे प्रतिमा उजळ दिसते. सूर्य मात्र ही ‘दूरची वस्तू’ म्हणून घेऊ नये. कागद जळतो, आणि भिंगातून सूर्याकडे पाहिले तर डोळा कायमचा जातो. हे प्रयोगाआधी, प्रत्येक वेळी, स्पष्ट शब्दांत सांगावे.

अंतर्गोल आरशाचा प्रयोगही असाच. फक्त कागद मोठा घेतला तर तोच येणारा प्रकाश अडवतो. त्यामुळे दोन बोटे रुंदीची कागदाची पट्टी घ्यावी आणि ती आरशासमोर धरावी.

दुसरा प्रयोग ऑप्टिकल बेंचवरचा, म्हणजे वस्तू, भिंग आणि पडदा सरकवता येतील अशा मापाच्या पट्टीवरचा. इथे थोडे थांबून लिहितो, कारण जास्तीत जास्त गोंधळ इथेच होतो. वस्तू म्हणून मेणबत्ती ठेवण्याची पद्धत समुद्रकाठच्या शाळेत सोडून द्यावी. वाऱ्याने ज्योत हलते, खिडक्या लावल्या तर वर्ग उकडतो, आणि मेणबत्ती वितळून ज्योत खाली येते तशी पडद्यावरची प्रतिमा वर सरकते. त्याऐवजी साधी एलईडी विजेरी घ्यावी, तिच्या तोंडावर बटर पेपर लावावा आणि त्यावर काळ्या पुठ्ठ्यात कापलेले एखादे अक्षर चिकटवावे. ‘र’ चांगले. डावे-उजवे आणि वर-खाली दोन्ही उलटे होते, हे ज्योतीत कळत नाही, अक्षरात लगेच कळते. अक्षराची उंची दीडेक सेंमी पुरे.

अक्षराचा मध्य, भिंगाचा मध्य आणि पडद्याचा मध्य एका उंचीवर आणा. मग वस्तू आणि पडदा यांतले अंतर नाभीय अंतराच्या चौपटीहून जास्त आहे ना, हे तपासा. १५ सेंमीच्या भिंगाला ते ६० सेंमीहून जास्त हवे. मुले ५० सेंमीवर पडदा ठेवून भिंग इकडून तिकडे सरकवत बसतात आणि प्रतिमा मिळत नाही म्हणून कंटाळतात. त्या अंतरात ती मिळणे शक्यच नसते. हे गणित आधी सांगावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे थोडा वेळ शोधू द्यावे आणि मग त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

प्रतिमा ‘स्पष्ट’ कुठे, हे ठरवण्याची एक रीत आहे. पडदा पुढे नेत जावे आणि अक्षराची कड पहिल्यांदा नीट दिसते ती खूण वाचावी. तसेच पुढे जात, कड पुन्हा फुटायला लागते ती खूण वाचावी. दोन्हींचा मध्य घ्यावा. वस्तू २० सेंमीवर असेल तेव्हा प्रतिमा ६० च्या आसपास येते आणि हा पट्टा सेंटिमीटरभरही असू शकतो. मुले घाबरतात, पण गणित पाहिले तर ६० मध्ये एक सेंमी चुकले तरी नाभीय अंतरात फरक पडतो जेमतेम ०.६ मिलिमीटरचा. उलट त्याच वेळी वस्तूचे २० सेंमी अंतर मोजण्यात एकच मिलिमीटर चुकला, तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो. म्हणून दोन अंतरांपैकी जे लहान, ते जपून मोजायचे. भिंगाच्या स्टँडची खूण आणि भिंगाचा मध्य बहुधा एका रेषेत नसतात. ते अंतर एकदा पट्टीने मोजून प्रत्येक मापात धरावे, नाहीतर सगळी उत्तरे एकाच बाजूला कलतात.

भिंगापुढे २ सेंमी व्यासाचे भोक असलेला काळा कागद लावला, तर प्रतिमा मंद होते पण कडा धारदार होतात. कडेच्या किरणांची गडबड त्यामुळे थांबते. याच वेळी अर्धे भिंग हाताने झाकून मुलांना विचारावे, पडद्यावर काय दिसेल? बहुतेक जण म्हणतात, अर्धे अक्षर. दिसते पूर्ण अक्षर, फक्त मंद. भिंगाचा प्रत्येक तुकडा पूर्ण प्रतिमा तयार करतो ही गोष्ट आकृती कितीही वेळा काढली तरी पटत नाही, हात पुढे धरला की पटते.

गणितात चिन्हांची चूक हमखास होते. सूत्र असे: १/प्रतिमेचे अंतर − १/वस्तूचे अंतर = १/नाभीय अंतर. त्यात वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे असते. ते विसरून २० आणि ६० सूत्रात घातले, की उत्तर उणे ३० येते. मुले उणे चिन्ह खोडतात आणि ३० लिहून मोकळी होतात. ज्या मुलाने आधी व्हरांड्यात माडावर भिंग रोखून १५ मोजले आहे, तो ३० पाहून थबकतो. दूरच्या वस्तूचा प्रयोग आधी घ्यायचा तो याचसाठी. पडताळा म्हणून आणखी एक करता येते. वस्तू आणि पडदा ८० सेंमीवर पक्के ठेवावेत आणि फक्त भिंग हलवावे. दोन जागी स्पष्ट प्रतिमा मिळते, एकदा मोठी, एकदा लहान. १५ सेंमीच्या भिंगाला या दोन जागांत ४० सेंमीचे अंतर येते. ८० च्या वर्गातून ४० चा वर्ग वजा करून चार गुणिले ८० ने भागले, की १५. यात भिंगाचा मध्य कुठे आहे याची चूक आपोआप निघून जाते.

काचेची चीप (जाड आयताकृती ठोकळा) आणि टाचण्या घेऊन किरण काचेत किती वळतो ते पाहण्याच्या प्रयोगात शत्रू एकच, दमट हवा. ड्रॉइंग बोर्डवरचा कागद फुगतो, बोर्ड मऊ पडतो, गंजलेली टाचणी वाकडी उभी राहते. दोन टाचण्यांत निदान ६ ते ८ सेंमी अंतर ठेवावे. २ सेंमीवर टोचल्या तर टाचणीच्या जाडीएवढी चूकसुद्धा रेषा अंशभर फिरवते. चिपेतून पाहताना टाचण्यांच्या डोक्यांकडे न पाहता पायांकडे पाहावे, कारण टाचणी कलली तरी पाय हलत नाही. एक डोळा मिटून, डोळा कागदाच्या पातळीला आणून पाहावे. चिपेची कड पेन्सिलने आखून घ्यावी आणि प्रयोगभर चीप हलली नाही ना, ते बघत राहावे.

आपतन कोन, म्हणजे येणारा किरण स्तंभिकेशी (काचेच्या कडेला काढलेल्या लंबाशी) करतो तो कोन, ३० अंश घेतला तर काचेत साधारण १९.५ अंश यायला हवा, ४५ ला २८, ६० ला ३५ च्या थोडे पुढे. कोनमापकात एक अंशाची चूक होणारच. ती ३० अंशांच्या मापात अपवर्तनांक (दोन्ही कोनांच्या साइनचे गुणोत्तर, माध्यम प्रकाश किती वळवते याचे माप) १.५० वरून १.४३ वर नेते, ६० अंशांच्या मापात १.४६ वर. म्हणून मोठे कोनही घ्यावेत, ३० वर थांबू नये. कोनमापक टाळायचा असेल तर आपतन बिंदूभोवती ५ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे. दोन्ही किरण वर्तुळाला जिथे छेदतात तिथून स्तंभिकेवर लंब टाकावेत. ४५ अंशांना हे लंब साधारण ३.५ आणि २.४ सेंमी येतात. त्यांचा भागाकार म्हणजेच अपवर्तनांक, साइनचा तक्ता लागतच नाही. आठवी-नववीची मुलेही हे सहज करतात.

सपाट आरशाच्या प्रयोगात आरसा रेघेवर ठेवताना मागची, कलई केलेली बाजू रेघेवर आणावी. परावर्तन तिथे होते. मुले पुढची कड रेघेवर लावतात आणि काचेच्या जाडीएवढी गफलत शिरते.

पाण्याचे प्रयोग आपल्याकडे मुबलक आहेत, तरी वहीत एकच दिसतो, वाटीतल्या नाण्याचा. तोच मोजमापाने करावा. उभ्या काचेच्या बरणीत १२ सेंमी पाणी, तळाला एक टाचणी आडवी. बरणीच्या बाहेर, काचेला लागून दुसरी टाचणी वर-खाली सरकवता येईल अशी चिकटपट्टीने धरावी. वरून सरळ खाली पाहत डोके डावी-उजवीकडे हलवावे. दोन टाचण्या एकमेकींपासून सरकताना दिसल्या, तर त्या एका खोलीवर नाहीत. जी डोक्याच्या उलट दिशेने पळते ती डोळ्याला जवळची. बाहेरची टाचणी खाली-वर करत, डोके हलवले तरी दोघी जोडीने हलतील अशी जागा शोधावी. ही जागा पाण्याच्या पृष्ठभागाखाली ९ सेंमीवर येते. १२ भागिले ९ म्हणजे १.३३, पाण्याचा अपवर्तनांक. तिरके पाहिले तर टाचणी आणखी वर आल्यासारखी दिसते आणि उत्तर बिघडते, म्हणून अगदी सरळ वरूनच पाहावे. जांभ्याच्या विहिरीत तळ जवळ दिसतो आणि उतरल्यावर पाणी डोक्यावरून जाते, त्यामागचा हिशेब हाच. हा प्रयोग केलेले मूल परक्या विहिरीत उडी मारण्याआधी विचार करील.

खोबरेल तेलाचा प्रयोग खास आपल्या भागात व्हावा असा आहे. काचेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, खोबरेल तेलाचा सुमारे १.४५. तोच काचेचा दांडा पाण्यात ठळक दिसतो आणि खोबरेलात जवळजवळ विरून जातो. भिंगाचेही तसेच. १५ सेंमीचे भिंग पाण्यात बुडवले, की नाभीय अंतर जवळपास चौपट होते. तेलात बुडवले तर ते दीड-दोन मीटरवर जाते, म्हणजे भिंगात भिंगपण फारसे उरत नाही. भिंगाची ताकद त्याच्या आकारासोबत भोवतालच्या माध्यमावरही ठरते, हे यातून जितके ठसते तितके व्याख्येतून ठसत नाही. हा प्रयोग ऑक्टोबरात किंवा उन्हाळ्यात घ्यावा. पौषातल्या गार सकाळी तेल २४ अंशांखाली गेले की थिजते आणि पांढरे पडते. नंतर भिंग कोमट साबणाच्या पाण्याने लगेच धुवावे.

लेझर पॉइंटर हल्ली दप्तरांतून फिरतात, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. एका लिटर पाण्यात दुधाचे एक-दोन थेंब टाकले, की चौकोनी पारदर्शक डब्यात किरणाचा मार्ग स्वच्छ दिसतो. दूध जास्त झाले तर सगळा डबाच उजळतो आणि किरण हरवतो. खालून वर पृष्ठभागाकडे किरण तिरका करत नेला, की उभ्या रेषेशी साधारण ४९ अंशांना तो बाहेर पडणे थांबते आणि आत परत फिरतो. पूर्ण आंतरिक परावर्तन याहून स्वस्तात दाखवता येणार नाही. पण पॉइंटर शिक्षकांच्याच हातात असावा आणि १ मिलिवॉटहून कमी शक्तीचा असावा. हिरवे स्वस्त पॉइंटर छापील आकड्याहून बरेच तीव्र निघतात, ते वर्गात आणूच नयेत. किरण नेहमी बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावा, टेबलावरचे आरसे आणि चकचकीत डबे आधी बाजूला करावेत, आणि रात्री होड्यांवर किंवा रस्त्यावरच्या गाड्यांवर तो रोखण्याचा खेळ मुलांना ठामपणे मना करावा.

साहित्य अजिबात नसेल तरी कौलारू शाळेत एक प्रयोग आयता आहे, तो म्हणजे कवडसे. कौलांची फट त्रिकोणी असो की वेडीवाकडी, जमिनीवर पडणारा डाग गोल असतो. तो फटीचा आकार नाही, ती सूर्याची प्रतिमा आहे. फट लहान आणि छप्पर उंच असेल तेव्हाच हे नीट दिसते. मोठ्या भगदाडातून येणारा डाग भगदाडाचाच आकार घेतो. फटीपासून कागदापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे, कागद किरणाला काटकोनात धरावा, नाहीतर डाग लांबट होतो. ४ मीटर अंतराला डागाचा व्यास साधारण ३.७ सेंमी येतो. व्यासाला अंतराने भागून जे गुणोत्तर येते, त्याला सूर्याच्या १५ कोटी किलोमीटर अंतराने गुणले, की सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर मिळतो. स्लॅबच्या शाळेत आरशावर कागद चिकटवून त्यात छोटे भोक ठेवावे आणि ऊन समोरच्या अंधाऱ्या भिंतीवर टाकावे. परिणाम तोच. फक्त आरशाकडे कोणी थेट पाहू नये.

खोबरेलाचा प्रयोग सोडला तर हे सगळे कोकणात करायला योग्य काळ हिवाळा, हे नवे नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गला तळ देऊन होते. सूर्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फुटून पडणाऱ्या पट्ट्यातल्या) पिवळ्या रेषेवरून हेलियमची ओळख पटवणारे हेच लॉकयर. जानेवारीतले आपले आकाश दुर्बिणींना मानवते, तेच शाळेच्या भिंगालाही मानवते. सिंधुदुर्गातल्या किती शाळांत वर्णपट पडद्यावर पाडून दाखवला जातो, हे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात विचारून पाहावे.

आता साहित्य टिकवण्याविषयी. मुख्याध्यापकांनी आणि शाळा समित्यांनी हे विशेष वाचावे. भिंगे ज्या मखमली अस्तराच्या लाकडी पेट्यांत येतात, त्या पेट्या आपल्या हवेत सर्वांत वाईट. मखमल ओल धरून ठेवते आणि बुरशी तिथूनच काचेवर चढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागले, की समजावे. सुरुवातीलाच पुसले तर जातात, वर्षभर राहू दिले तर बुरशीतून पाझरणारे आम्ल काचेवर कायमचे डाग पाडते. आरशांत ओल कडेने शिरते आणि कलई काळी पडत आत येते. नवा आरसा आल्याबरोबर त्याच्या चारही कडांना ऑइल पेंटचा किंवा नेलपॉलिशचा हात दिला, तर तो बरीच वर्षे जास्त टिकतो.

भिंग साफ करताना आधी धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशने काढावी. कोरडीच घासली तर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो, आणि समुद्रकाठच्या धुळीत वाळू असतेच. मग साबणाचे पाणी, मग साधे स्वच्छ पाणी, आणि जुन्या धुतलेल्या सुती कापडाने टिपून घेणे. स्पिरिट काचेला चालते, प्लॅस्टिकच्या भिंगाला चालत नाही, ते तडकते. वाळवायला उन्हात ठेवायचे तर वर कापड टाकावे. उघडे भिंग उन्हात, खाली वर्तमानपत्र, हा आगीचा प्रकार आहे.

पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, इतके पुरते. जेल नारिंगी रंगाची घ्यावी, जी ओली झाली की हिरवी होते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे क्षार असतात, ते मुलांच्या हाताशी नकोत. रंग बदलला की जुन्या वेगळ्या तव्यावर मंद आचेवर हलवत, मूळ रंग येईपर्यंत तापवावी, गार झाल्यावर पुन्हा डब्यात. खिचडीची कढई यासाठी कधीही वापरू नये. टाचण्या त्याच डब्यात वेगळ्या पुडीत ठेवाव्यात. डबा मे महिन्याच्या सुट्टीआधी बंद करायचा, जूनमध्ये नाही. जूनमध्ये बंद केला तर आतली हवाच ओली असते. आणि झाकणावर आतल्या भिंगांची संख्या व प्रत्येकाचे मोजलेले नाभीय अंतर लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी कोणती वही खरी आणि कोणती उतरवलेली, हे त्या चिठ्ठीवरून तपासता येईल.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
(दापोली, जि. रत्नागिरी)